दावा कुठे लावायचा

तालुका कोर्टातले कोणतेही वादपत्र घ्या आणि शेवटून दुसरे पान उघडा. मागणीच्या आधी तिथे दोन लहान कलमे असतात. दाव्यास कारण अमुक तारखेस मौजे अमुक येथे घडले, ते गाव या कोर्टाच्या स्थळसीमेत आहे, सबब या कोर्टास दावा चालविण्याचा अधिकार आहे, असे पहिले कलम सांगते. दुसऱ्यात दाव्याची किंमत आणि त्यावर भरलेली कोर्ट फी असते. टायपिस्टला ही कलमे तोंडपाठ असतात. पक्षकार ती वाचत नाहीत आणि नवा वकील मागच्या दाव्यातून उतरवून घेतो. मीही वकिलीची पहिली दोन वर्षे ती उतरवूनच घेतली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 1 नुसार ही दोन्ही विधाने प्रत्येक वादपत्रात असावीच लागतात. दावा चालायचा की परत जायचा, अपील जिल्हा कोर्टात होणार की हायकोर्टात, आणि कधी कधी वीस वर्षांनी हाती आलेला हुकूमनामा खरा की नुसता कागद, हे सगळे या दोन कलमांवर ठरते.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. कायद्याचे विद्यार्थी आणि तालुक्याच्या ठिकाणी नुकती सनद घेऊन बसलेले वकील तर माझ्यासमोर आहेतच. पण कोर्टात कधी पाऊल न टाकलेला, 'आमचे प्रकरण कुठल्या कोर्टात जाईल हो?' एवढेच विचारणारा वाचकही माझ्या मनात आहे. त्याचा प्रश्न या शास्त्राचा पहिला प्रश्न आहे, आणि तो लहान समजू नये. कोर्टाच्या अधिकाराच्या मर्यादा तीन रीतींनी पडतात. वाद कशाबद्दल आहे, तो कुठला आहे आणि त्याची किंमत किती, असे तीन प्रश्न त्यात असतात. पाठ्यपुस्तके याच क्रमाने शिकवतात आणि कलमांचे आकडे देऊन पुढे जातात. माझे म्हणणे असे की या प्रत्येक मर्यादेमागे कुणाला तरी वाचवण्याचा हेतू होता. तो माणूस कोण हे कळल्याशिवाय कलम कळत नाही.

आधी एक प्रसंग सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एक शेतकरी माझ्याकडे आले होते. वरच्या अंगाच्या भावकीने बांधावरचा वहिवाटीचा रस्ता काटेरी झुडपे टाकून आणि वर नांगर घालून मोडला होता. उसाला तोड आलेली, आणि बैलगाडी शेतात जाईना. पिशवीतून त्यांनी सातबारा, गटाचा नकाशा आणि गावच्या बैठकीत लिहिलेला एक कागद काढला. त्या कागदावर चार वडीलधाऱ्यांच्या सह्या होत्या, दोन अंगठे होते. तारीख सात महिन्यांपूर्वीची. माझे ज्येष्ठ वकील कागद बघून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काका, महिनाभर आधी यायला हवं होतं." मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली शेताच्या रस्त्याला केलेला अडथळा तहसीलदार दूर करू शकतो. चौकशी थोडक्यात होते, जागेची पाहणी होते, खर्चही फारसा येत नाही. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज यावा लागतो. काका सहा महिने भावकीची समजूत घालत होते. गावाने घालून दिलेली रीत त्यांनी पाळली आणि तेवढ्यात जवळचे दार बंद झाले. मग दिवाणी कोर्टात दावा लागला, निशाणी 5 चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज झाला, कोर्ट कमिशनरने जागा पाहिली. हे सगळे होईपर्यंत एक हंगाम गेला. रस्ता तोच होता, हक्क तोच होता, पुरावाही तोच. फरक पडला तो फक्त दाराचा.

जमीन महसूल अधिनियमाचे कलम 143 हे याच प्रश्नाचे तिसरे दार. बांधावरून नवा रस्ता मिळावा म्हणून तहसीलदाराकडे तिथे मागणी करता येते. जुना वहिवाटीचा रस्ता आणि नव्याने मागितलेला रस्ता या दोहोंत फरक आहे, आणि तो अर्जातल्या पहिल्या वाक्यातच स्पष्ट व्हावा लागतो. नाही तर तहसीलदार सांगतो दिवाणी कोर्टात जा, आणि दिवाणी कोर्टात समोरचा वकील म्हणतो हा महसुलाचा विषय आहे.

आता जागेची मर्यादा. दावा प्रतिवादीच्या गावच्या कोर्टात लावावा, हा नियम आज इतका साधा वाटतो की त्यामागे किती दुःख आहे हे विसरले जाते. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात सावकारांच्या दुकानांवर लोक चालून गेले आणि दंगा पुणे-नगरच्या गावोगाव पसरला. लोकांना हवी होती ती कर्जरोख्यांची आणि हुकूमनाम्यांची कागदपत्रे. ती मिळाली की ती जाळत. पुढे सरकारने नेमलेल्या आयोगासमोर दिवाणी कोर्टांचा कारभारच आला. दूरच्या कोर्टातून समन्स निघे, कुणबी हजर होत नसे किंवा होऊ शकत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई, आणि मग दरखास्तीत बैल, भांडी, जमीन यांवर जप्ती येई. त्यातून 1879 चा दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याच्या कलम 11 मध्ये सांगितले होते की शेतकऱ्यावरचा कर्जाचा दावा तो राहतो तिथल्याच कोर्टात लावायचा, दुसरीकडे नाही. याच कायद्याने गावातच लहान दावे चालवणारे ग्राममुन्सफ आणले आणि सलोखा करणारे अधिकारी नेमले. व्यवहार मुळात काय होता हे कोर्टाने रोख्यापलीकडे जाऊन तपासावे, असाही हुकूम त्यात होता. स्थळसीमा हा शब्द ज्याला कोरडा वाटतो त्याने हा कायदा एकदा वाचावा. कोर्ट किती कोसांवर आहे, यावर त्या काळात घरातले बैल राहायचे की जायचे ते ठरत होते.

आजच्या संहितेतले कलम 20 त्याच जातीचे आहे. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे, नाही तर दाव्याचे कारण पूर्णपणे वा अंशतः जिथे घडले तिथे दावा लावता येतो. जंगम आणि पैशांच्या व्यवहारांना हा नियम लागू पडतो. स्थावर मिळकतीचे मात्र वेगळे आहे. कलम 16 नुसार जमीन किंवा घर जिथे आहे तिथल्याच कोर्टात जायचे, कारण ताबा द्यायचा तर बेलिफ त्या जागेवर उभा राहायला हवा. गुडगावच्या एका भूखंडाबद्दलचा दावा 1988 साली दिल्लीत लागला होता. करार दिल्लीत झालेला, पैसे दिल्लीत दिलेले, कंपनीचे कार्यालयही दिल्लीत. अधिकाराची हरकत आठ वर्षांनी निघाली. शेवटी 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भूखंड गुडगावला आहे, तेव्हा दिल्लीच्या कोर्टाला अधिकार नव्हता. सतरा वर्षे झाल्यावर वादपत्र योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत मिळाले. विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवताना मी वर्षांची बेरीज फळ्यावर मांडतो.

व्यापाऱ्यांच्या बिलाखाली 'सर्व वाद मुंबईच्या न्यायालयांच्या अधिकारात' अशी ओळ छापलेली असते. तिचे बळ किती, असा प्रश्न हमखास येतो. उत्तर 1971 च्या हाकम सिंग विरुद्ध गॅमन या निकालात आहे. दावा वाराणसीत लागला होता आणि करारात मुंबईचे कोर्ट लिहिलेले होते. दोन्ही कोर्टांना कायद्याने अधिकार असेल तर पक्षांनी त्यातले एक निवडले तरी चालते. ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही, त्याला मात्र दोन्ही पक्षांनी मिळून, सही-शिक्क्यासह दिला तरी अधिकार मिळत नाही. हे दुसरे वाक्य या शास्त्राचा कणा आहे. अधिकार कायदा देतो, संमती देत नाही.

किंमतीचा भाग मला सर्वांत जास्त आवडतो, आणि लोक सर्वांत जास्त चुकतात तेही तिथेच. 1869 च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने दोन दर्जाचे न्यायाधीश मानले. खालच्या दर्जाच्या न्यायाधीशाला 5,000 रुपयांपर्यंतचे दावे, वरच्याला कितीही किंमतीचे. आजचे कनिष्ठ स्तर आणि वरिष्ठ स्तर हे त्यांचेच वंशज. कनिष्ठ स्तराची मर्यादा रुपयाबरोबर वर सरकत गेली, आणि या शतकात ती 1 लाखावरून 5 लाखांवर नेली गेली. आकडे दुरुस्तीगणिक बदलतात, म्हणून दावा दाखल करायच्या दिवशी चालू कायदा उघडून पाहायचा, ही सवय लावून घ्या. रे.मु. आणि स्पे.मु. या दाव्याच्या नंबराआधीच्या अक्षरांत हीच विभागणी असते. रेग्युलर मुकदमा कनिष्ठ स्तराकडे जातो, स्पेशल मुकदमा वरिष्ठ स्तराकडे.

पण दाव्याची किंमत म्हणजे बाजारभाव असे समजलात तर पहिल्याच पायरीवर अडखळाल. 1887 चा दावा मूल्यांकन कायदा आणि आपल्या राज्याचा कोर्ट फी कायदा हे दोन मिळून किंमत कशी काढायची ते सांगतात. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात किंमत जमिनीच्या आकारावरून निघते. सातबाऱ्यावर क्षेत्राखाली 'आकार' असा जो आकडा असतो, रुपये-पैशांत, तो म्हणजे जमीनमहसूल. समजा एका गटाचा आकार 3 रुपये 75 पैसे आहे आणि रस्त्याकडेला असल्यामुळे त्याच जमिनीचा भाव आज एकरी चाळीस लाख झाला आहे. कोर्टासाठी किंमत 3 रुपये 75 पैशांच्या ठरलेल्या पटीत धरायची. म्हणून लाखोंच्या जमिनीचे दावे कनिष्ठ स्तराकडे चालतात, आणि म्हणूनच शेतकऱ्याला ते परवडतात. दोन पिढ्यांपूर्वीची मोजणी आजच्या शेतकऱ्याच्या हातात कोर्टाची किल्ली देते. हे चुकून घडलेले नाही. जमिनीवरचा हक्क बजावायला जमिनीच्या भावाइतकी ऐपत लागू नये, असे कायदा ठरवणाऱ्यांना वाटले, आणि ते योग्यच वाटले. महाराष्ट्रात 1994 च्या अधिसूचनेने मिळकत, पोटगी, घटस्फोट अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली, तीही त्याच विचाराची.

मागणी रोख पैशांची असेल तर किंमत उघडच असते. तिथे वेगळा पेच येतो. समजा तुमचे येणे कनिष्ठ स्तराच्या मर्यादेच्या थोडे वर आहे आणि तुम्हाला जवळच्या कोर्टात जायचे आहे. संहितेचा आदेश 2, नियम 2 म्हणतो की मर्यादेत बसण्यासाठी मागणीचा काही भाग तुम्ही सोडू शकता. पण सोडलेला भाग कायमचा सुटला. त्यासाठी नंतर दुसरा दावा लावता येत नाही. किरकोळ व्यापाऱ्यांना हे आधी समजावून सांगणे वकिलाचे काम आहे. हिशेबाच्या वहीत सोडलेले पैसे पुढच्या वर्षी ओढता येतात, कोर्टात सोडलेले येत नाहीत.

किंमत चुकली तर काय, याचे उत्तर 1954 च्या किरण सिंह विरुद्ध चमन पासवान या निकालात आहे. बिहारमधल्या मुंगेरकडची 12 एकर 51 सेंट जमीन होती. वादींनी दाव्याची किंमत 2,950 रुपये धरली आणि मुंगेरच्या कोर्टात दावा लावला. तिथे हरले, जिल्हा कोर्टात अपील केले, तिथेही हरले. पाटणा हायकोर्टात दुसरे अपील गेले तेव्हा तिथल्या स्टॅम्प तपासणाऱ्याने हरकत घेतली आणि खरी किंमत 9,980 रुपये निघाली. मग वादीच म्हणू लागले की एवढ्या किंमतीचे अपील थेट हायकोर्टात यायला हवे होते, तेव्हा जिल्हा कोर्टाचा निकाल बाजूला ठेवा आणि आमचे सगळे पुन्हा ऐका. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. अधिकार नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा शून्यवत असतो, हे तत्त्व त्याच निकालात ठामपणे मांडले आहे आणि आजही वकील ते उद्धृत करतात. मात्र मूल्यांकनाच्या चुकीला कायद्याने त्यातून वेगळे काढले आहे. त्या चुकीमुळे न्यायाला प्रत्यक्ष बाधा आली असेल तरच निकाल हलतो. जागेच्या आणि किंमतीच्या हरकती पहिल्या कोर्टात, पहिल्या संधीला घ्यायच्या, हे कलम 21 सांगते. विषयाची हरकत मात्र कधीही निघू शकते.

आता लघुवाद न्यायालय. मुंबईत धोबी तलावाजवळून जाताना ती दगडी इमारत दिसते. आत भाडेकरूंच्या आणि घरमालकांच्या पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या दाव्यांची गर्दी असते. नाव लहान दाव्यांचे, पण आतल्या खोल्यांची किंमत बाजारात कोटींत. हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे.

1753 च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तिन्ही शहरांत लहान दाव्यांसाठी कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स स्थापन झाले. मर्यादा 5 पॅगोडा. 1850 च्या कायद्याने त्याच्या जागी लघुवाद न्यायालये आली आणि मर्यादा 500 रुपये झाली. इंग्लंडमध्ये त्याआधी चारच वर्षे, 1846 च्या कायद्याने, 20 पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी काउंटी कोर्टांची तरतूद झाली होती. भाजीवाल्याचे, शिंप्याचे, नोकराच्या पगाराचे दावे लवकर आणि स्वस्तात मिटावेत हा हेतू दोन्हीकडे सारखाच होता. मुंबईसारख्या इलाखा शहरांसाठी 1882 चा कायदा आणि बाकी मुलखासाठी 1887 चा प्रांतिक कायदा हे दोन आजही या शाखेचे पाये आहेत. प्रांतिक कायद्यात मर्यादा मुळात 500 रुपये आणि शासनाला वाटले तर 1,000. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1884 मध्ये पुण्याच्या लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश होते, पुढे ते शेतकरी साहाय्य कायद्याखालचे विशेष न्यायाधीश झाले आणि 1893 मध्ये हायकोर्टात गेले. अर्थशास्त्रावर लिहिणाऱ्या या माणसाने दिवसचे दिवस रोखे, खतावण्या आणि लहान येणी वाचली होती, हे त्यांचे लेखन वाचताना मला नेहमी आठवते.

लघुवाद न्यायालयाची ताकद त्याच्या मर्यादेतच होती. पुरावा थोडक्यात नोंदवायचा, निकाल लगेच द्यायचा, आणि अपील ठेवायचे नाही. प्रांतिक कायद्यात हायकोर्टाने फेरतपासणी करावी एवढेच ठेवले. त्याच्या बदल्यात मालकीचा प्रश्न आला की कोर्टाने थांबावे आणि कलम 23 खाली वादपत्र परत द्यावे. घाईने दिलेला निकाल कुणाच्या जमिनीच्या मालकीवर बसू नये, ही काळजी त्यात आहे. दुसऱ्या परिशिष्टात कोणते दावे या कोर्टाने घ्यायचे नाहीत याची लांबलचक यादी आहे. ती वाचायला कंटाळवाणी असली तरी प्रत्येक ओळीत कायदा करणाऱ्याने कुणाला तरी नजरेसमोर ठेवले आहे.

मुंबईच्या कोर्टाचा विस्तार भाड्यामुळे झाला. भाडेकरूंचे दावे लघुवाद न्यायालयाकडे होते, लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचे सिटी सिव्हिल कोर्टाकडे. मग मालक म्हणायचा हा परवानाधारक, राहणारा म्हणायचा मी भाडेकरू, आणि वर्षे जायची ती फक्त कोणते कोर्ट हे ठरवण्यात. 1 फेब्रुवारी 1973 रोजी राहत असलेल्या परवानाधारकांना भाडे कायद्याने भाडेकरू मानले, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच गुंतला. शेवटी 1976 च्या दुरुस्तीने 1882 च्या कायद्याचे कलम 41 बदलले. मालक आणि भाडेकरू, परवाना देणारा आणि घेणारा, या दोन्ही नात्यांतले ताब्याचे दावे किंमत कितीही असो एकाच कोर्टाकडे दिले. नुकसानभरपाईचा आकडा मोठा आहे म्हणून कोणी बाहेर जाऊ शकत नाही. माझ्या मते आपल्या कायद्यातल्या शहाण्या दुरुस्त्यांपैकी ही एक आहे, कारण तिने किंमतीपेक्षा नात्याला महत्त्व दिले. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत संपलेल्या परवानाधारकासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचे आणखी एक दार उघडले. पुण्यात लघुवाद न्यायालय आहे, म्हणून भाड्याचे दावे तिकडे जातात. जिथे तसे न्यायालय नाही तिथे ते कनिष्ठ स्तराकडे जातात.

मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टाची गोष्ट 1948 ची. हायकोर्टाच्या मूळ शाखेवरचा भार कमी व्हावा म्हणून 10,000 रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी ते स्थापन झाले, आणि सरकारला अधिसूचनेने मर्यादा 25,000 पर्यंत नेण्याची मुभा होती. 20 जानेवारी 1950 ला, राज्यघटना अमलात येण्याच्या सहा दिवस आधी, तशी अधिसूचना निघाली. 6 फेब्रुवारीला वचनचिठ्ठ्यांवरच्या 11,704 रुपये 5 आणे 4 पैंचा दावा हायकोर्टात आला. त्याला हायकोर्ट घेणार की सिटी सिव्हिल कोर्ट? वचनचिठ्ठी हा केंद्राचा विषय, मग प्रांताच्या कायद्याने तिच्यावरचा दावा दुसऱ्या कोर्टाकडे वळवता येतो का? आणि मर्यादा वाढवण्याचे काम विधिमंडळाने सरकारवर सोपवावे का? सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. न्यायदानाची आणि कोर्टांच्या रचनेची जबाबदारी प्रांताकडे असेल, तर कोर्टाला सर्वसाधारण अधिकार देण्याचाही हक्क त्याच्याकडे आहे. या निकालावर आजही राज्ये आपल्या कोर्टांच्या मर्यादा बदलतात. मुंबईची मर्यादा 2012 मध्ये 1 कोटी झाली, आणि 2024 पासून 10 कोटी आहे. 5 आणे 4 पैंचा हिशेब मांडणाऱ्या त्या धनकोने नकळत सगळ्या राज्यांच्या कोर्टांची वाट मोकळी केली.

विषयाची मर्यादा सर्वांत कडक. संहितेचे कलम 9 म्हणते की कायद्याने स्पष्टपणे किंवा गर्भितपणे मनाई केलेली नसेल तर दिवाणी कोर्ट सगळे दिवाणी वाद ऐकेल. मनाई कधी मानायची हे 1968 च्या धुलाभाई निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सात सूत्रांत मांडले. विशेष कायद्याने पुरेसा उपाय आणि अंतिम निर्णय देणारा अधिकारी दिला आहे का, हे त्यात पाहायचे असते. महाराष्ट्रात याचे सर्वांत जिवंत उदाहरण कुळकायदा. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 85 ने दिवाणी कोर्टाला कुळ कोण हे ठरवण्यास मनाई केली. दाव्यात कोणी 'मी कुळ आहे' म्हणाला तर कलम 85अ प्रमाणे कोर्टाने तनकी (वादमुद्दा) काढायची, दावा स्थगित ठेवायचा आणि तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवायचा. 1 एप्रिल 1957 ला कृषकदिनी कुळे मालक झाली, त्या सगळ्या घडामोडीचा पुरावा महसूल कचेरीत आहे, आणि कसणाऱ्याने पुन्हा दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत हा त्यामागचा विचार. गोव्यात कुळांबद्दल आणि मुंडकारांबद्दल, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांबद्दल, 1964 व 1975 च्या कायद्यांनी असेच काम मामलेदाराकडे दिले आहे. सहकारी संस्थेचे वाद सहकार न्यायालयात, नवरा-बायकोचे कौटुंबिक न्यायालयात, अपघाताची भरपाई न्यायाधिकरणात जाते. ही यादी लांबवत नाही. यातल्या कुठल्याही कायद्यापाशी आलात की मनाईचे कलम आधी शोधा.

महाराष्ट्रात 1977 ते 2018 संहितेत कलम 9अ होते. शासनाविरुद्ध कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस न देता दावा लावायचा, तात्पुरती मनाई मिळवायची, आणि पुढे दावा मागे घ्यायचा, अशी पद्धत मुंबईत रूढ झाली होती. तिला आवर घालण्यासाठी तात्पुरत्या मनाईच्या सुनावणीतच अधिकाराचा मुद्दा आधी ठरवायचा, असे या कलमाने सांगितले. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात त्या एका मुद्द्यावर साक्षी, मग अपील, मग फेरतपासणी असे होऊ लागले आणि मूळ दावा जागच्या जागी राहिला. म्हणून ते कलम गेले.

चुकीच्या दारावर गेलेल्या माणसाचे काय? आदेश 7, नियम 10 खाली वादपत्र परत मिळते. प्रामाणिक चुकीने गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 ने वगळता येतो. पण 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परत आलेले वादपत्र दुसरीकडे दाखल झाले की दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. झालेल्या साक्षी, उलटतपासण्या यांचा उपयोग नाही. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की तारखेला उशीर झाला तरी चालेल, पण कोर्ट निवडायला घाई करू नका.

अलीकडच्या कायद्यांनी दारे पक्षकाराजवळ आणायचा प्रयत्न केला आहे, हेही नोंदवायला हवे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. फ्रीज बनवणारी कंपनी दूरच्या शहरात असली तरी बुलढाण्याचा ग्राहक बुलढाण्यातच तक्रार करतो. किंमतही मागितलेल्या भरपाईवर मोजायची नाही, वस्तूसाठी दिलेल्या मोबदल्यावर मोजायची. डिसेंबर 2021 च्या नियमांनी जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख रुपये ठेवली. 1879 च्या कलम 11 मध्ये ऋणकोला त्याच्या गावी राहू दिले होते. आता तक्रारदारालाही त्याच्या गावी राहू दिले आहे. दीडशे वर्षांत प्रश्न बदलला नाही, तो कोणाच्या बाजूने विचारायचा हे बदलले.

या विषयात शिरताना एक करा. जवळच्या तालुका कोर्टाच्या आवारात एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून दहा निकाली वादपत्रे वाचायला मागून घ्या. त्यांतल्या मागणीकडे लगेच जाऊ नका. शेवटून दुसरे पान उघडा आणि दोन कलमे वाचा. दाव्याचे कारण कुठे घडले म्हटले आहे? तेच गाव का लिहिले असेल, दुसरे का नाही? किंमत कशी काढली, आकारावरून, मोबदल्यावरून, की कायद्याने मानलेल्या ठरावीक आकड्यावरून? मग कैफियत उघडून पाहा, प्रतिवादीने हरकत घेतली आहे का, आणि घेतली असेल तर कोर्टाने कोणती तनकी काढली. कैफियतीत बहुधा एकच ओळ असते, 'या कोर्टास दावा चालविण्याचा अधिकार नाही', आणि पुढे कारण दिलेले नसते. ते कारण तुम्ही स्वतः शोधा, आणि ज्या पानावर ते सापडेल तिथे पेन्सिलीने खूण करा.